बगळीची वाक्यं

१

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार ते सव्वापाच मी अस्वल असायचो. आवाजापुरता. उरलेले दिवस मी लोकांचे कान तपासायचो आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना यंत्रं बसवून द्यायचो. ही दोन कामं एकमेकांना शोभत नाहीत असं बऱ्याच जणांचं मत होतं. असू दे.

हॉल म्हणजे एका दुकानाची मागची खोली. पुढे दुकानात जुन्या कार्टून चित्रपटांच्या वस्तू मिळतात. काचेच्या कपाटांत पोस्टर, बाहुल्या, हाताने रंगवलेले पारदर्शक कागद, आणि खोक्यातून कधीच बाहेर न आलेली खेळणी. दुकानदाराला आम्ही सगळे पेटीबंद म्हणतो, कारण कुठलीही वस्तू दाखवताना त्याच्या तोंडून आधी हाच शब्द निघतो. खेळणं खोक्यातून काढलं की ते मेलं, असं त्याचं ठाम म्हणणं. मला हे कधीच पटलं नाही, पण हॉल त्याचा होता, म्हणून मी तोंड आवरायचो.

चित्रपट कायम एकच. फार जुना, हाताने काढलेला, चौऱ्याहत्तर मिनिटांचा. एक नावाडी अस्वल एका बगळीला नदीपार नेतं, एवढीच गोष्ट. मूळ चित्रपट गंभीर आहे आणि शेवटी अस्वल तिला काठावर उतरवतं तेव्हा भलेभले डोळे पुसतात. आम्ही त्याचा आवाज बंद करायचो आणि माइकवर आमचे संवाद बोलायचो. आमच्या संवादांत ते दोघं बहीण-भाऊ होते, घर बदलत होते, आणि नदी संपेपर्यंत कोण काय मागे विसरलं यावरून भांडत होते. मूळ चित्रपटाचे भक्त आमच्या नावाने बोटं मोडायचे. बाकीच्यांना आमचा खेळ तोंडपाठ होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझी ताई. अस्वल मी, बगळी ती. ताई गेली त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ती गेल्यावर मी खेळ बंदच केला होता, पण लोकांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी एका अटीवर सुरू केला. बगळीची वाक्यं कुणीही बोलायची नाहीत. मीही नाही, प्रेक्षकांनीही नाही. तिच्या वाक्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ मी गप्प बसणार, आणि मग माझं वाक्य बोलणार.

पहिले तीन खेळ तसेच झाले. पडद्यावर बगळीची चोच हलायची, हॉलमध्ये पंख्याची घरघर ऐकू यायची, मग मी बोलायचो. लोक हसायचे, पण जरा जपून, भेटायला आलेल्या पाहुण्यांसारखे. चौथ्या खेळाला विसाव्या मिनिटाला अस्वलाने नेहमीप्रमाणे विचारलं, "गॅस बंद केलास का?" यावर बगळीची चोच साडेतीन सेकंद हलते. ती मिटली, आणि मी तोंड उघडायच्या आत अख्खा हॉल हसला.

मी माझं वाक्य बोललो. त्यावर तर लोक खुर्च्यांत लोळायचे बाकी राहिले.

२

हा खेळ कसा सुरू झाला ते सांगायला हवं. आमच्या लहानपणी घरच्या टीव्हीचा स्पीकर उडाला. वडिलांनी तो दुरुस्त केला नाही. "चित्र दिसतंय ना? मग गप बघा," म्हणाले. त्याच आठवड्यात आईच्या मैत्रिणीने या चित्रपटाची टेप आणून दिली होती. आम्ही तो चित्रपट शंभर वेळा तरी मुका पाहिला असेल. ताई गप बसणाऱ्यांतली नव्हती. तिने बगळीला आवाज दिला आणि मला म्हणाली, "ठोंब्या, तू अस्वल हो. तुला फार बोलावं लागणार नाही." मूळ आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि मला तो खोटा वाटला. पुढे तोच खेळ आम्ही पेटीबंदच्या हॉलमध्ये लोकांसमोर करायला लागलो.

आम्ही दोघंही लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. आईवडील गेल्यावर तेच घर, दोन खोल्या, दोन माणसं. ती शाळेत भूगोल शिकवायची. बोलणं तिचं, ऐकणं माझं, अशी आमची वाटणी होती आणि ती मला मान्य होती.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. साफ गेला, कुजबुजसुद्धा उरली नाही. पुढचे पाच खेळ मी दोन्ही आवाज काढले. ती शेवटच्या रांगेत येऊन बसायची, मांडीवर लिहायची पाटी घेऊन. बगळीचा आवाज मी हुबेहूब काढायचो, इतका की पहिल्याच खेळाला लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. पाचव्या खेळानंतर ताईने पाटीवर लिहिलं, "माझ्यापेक्षा बरी केलीस." मी हसलो. ती हसली की नाही ते मी पाहिलं नाही, कारण लोक हात मिळवायला आले होते.

त्यानंतर ती हॉलमध्ये आली नाही. चार महिन्यांनी गेली. ते वाक्य कौतुकाचं होतं की दुसरं काही, हे मी तिला विचारलं नाही. रोज विचारीन म्हणायचो आणि रोज भांडी घासून झोपायचो. तेव्हापासून एवढंच एक मला कळून हवं होतं, आणि ते सांगणारं माणूस उरलं नव्हतं. बगळीची जागा मी रिकामी सोडायचो ती भक्तीने नव्हे. मला लाज वाटायची, म्हणून.

३

हसण्याला कारण असतंच. मी घरी जाताना तीन शोधून काढली. लोकांना तिची वाक्यं पाठ आहेत, चोच हलली की त्यांच्या मनात ती उमटत असणार. किंवा कुणीतरी मागे चाळे केले. किंवा गंभीर शांततेत एकाला हसू फुटलं की सगळ्यांना फुटतं, तसं झालं असेल. तिन्ही कारणं चांगली होती. माझं समाधान एकानेही झालं नाही.

पुढच्या, म्हणजे पाचव्या खेळाला मी टेबलावर रेकॉर्डर ठेवला. त्या दिवशी लोक एकोणीस वेळा हसले, सगळे बगळीच्या जागांवर, आणि त्यानंतरच्या माझ्या वाक्यावर पुन्हा. घरी येऊन ऐकलं. पंखा, कुणाची तरी खुर्ची, माझा आवाज. मग साडेतीन सेकंद काही नाही. मग हशा. मी तो तुकडा आवाज वाढवून वाढवून ऐकला, शेवटी पंखा विमानासारखा ऐकू यायला लागला. त्यात बाईचा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी स्वतःला तपासणीच्या खोलीत कोंडून घेतलं. ही खोली कपाटाएवढी आहे, आतून स्पंज लावलेला, दार लावलं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो. हेडफोन लावले आणि एकेक स्वर आला की बटण दाबत गेलो. अगदी उंच पट्टीत थोडी घसरण होती, ती माझ्या वयात सगळ्यांना असते. माणसं ज्या पट्टीत बोलतात तिथे माझे कान पोरासोरांसारखे स्वच्छ होते. एखाद्या पेशंटला हा आलेख दाखवून मी म्हटलं असतं, जा घरी, तुम्हाला काही झालेलं नाही.

पेटीबंदला विचारलं, लोक कशावर हसले. तो काउंटरवर एका खोक्याची कड पुसत होता.

"कशावर म्हणजे? अहो, ताईंच्या जुन्या टेपा कापून काय बेमालूम बसवल्यात तुम्ही. मला फक्त एक सांगा, स्पीकर कुठे लपवलाय? मी पडद्यामागे पण बघून आलो."

"काय म्हणते ती?"

तो हसला. "घ्या. आता हे मलाच विचारा. तुमचं अस्वल ठार बहिरं, तीच तर यातली गंमत आहे."

"तरी पण. एक वाक्य सांगा."

"सांगण्यात काय मजा? ते तिथेच ऐकायचं," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

मी आणखी दोघा-तिघांना विचारून पाहिलं. सगळे सांगायला लागायचे आणि हसायला लागायचे. मी फार जोर केला नाही. खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही.

४

सहाव्या खेळाला शिंपीणकाकू आल्या. त्या सहा महिन्यांपूर्वी माझ्या शेजारच्या घरात राहायला आल्या होत्या, पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवतात. ताईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि मीही तिच्याबद्दल काही बोललो नव्हतो. काकूंचे दोन्ही कान गेल्यात जमा. यंत्रं मीच बसवली होती. यंत्रं काढली तर त्यांना बाजूला ट्रक येऊन उभा राहिला तरी कळत नाही, पण ओठ बघून बोलणं ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

खेळ संपल्यावर त्या गालांवरून पदर फिरवत आल्या. हसून हसून पाणी आलं होतं.

"काय हो, ते अस्वल काय बोलतं? तुमचं एक अक्षर कळलं नाही मला. सुरुवातीलाच दोन्ही बॅटऱ्या गेल्या आणि तुम्ही अंधारात, तोंड दिसेना. पण त्या बाई मात्र किती स्वच्छ बोलतात."

मी त्यांची दोन्ही यंत्रं हातात घेतली. बंद होती. नव्या बॅटऱ्या घालून बघितल्या, चालू झाली. त्यांना म्हटलं, उद्या दवाखान्यात या, तपासणी करू. त्या आल्या. आलेख पूर्वीसारखाच होता, कागदाच्या तळाशी, म्हणजे ऐकणं जवळजवळ शून्य.

त्या खेळाला आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मला अजिबात आवडली नाही. शेवटी नाव काठाला लागते तेव्हा अस्वल म्हणतं, "उतर बाई एकदाची. माझी सुटका कर." गेली तीस वर्षं या वाक्याला सगळ्यांत मोठा हशा यायचा. ताई त्यावर म्हणायची, "उतरते. पण पिशव्या तू उचलायच्या." सहाव्या खेळाला माझं वाक्य झालं, बगळीची चोच हलली, आणि कुणीही हसलं नाही. सगळे पडद्याकडे बघत राहिले. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने शेजारच्या माणसाचा हात धरला. दिवे लागले तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या उशिरा पडल्या.

घरी आलो आणि मला पहिल्यांदा राग आला. साठ परक्या माणसांनी तिला ऐकलं होतं. यंत्र बंद असलेल्या शिंपीणकाकूंनी ऐकलं होतं. आणि जन्मभर जो तिचं ऐकत आला, त्याच्या वाट्याला पंख्याची घरघर. मी ताईच्या खुर्चीसमोर बसून म्हटलं, "मला का नाही?" मग स्वतःचीच कीव आली आणि उठून दिवा लावला.

५

पहिल्या खेळापासून एक टायपिस्टबाई नेमाने येत होत्या. कोर्टात साक्षी टिपून घेणं हे त्यांचं काम. रविवारी मात्र डोक्यावर अस्वलाच्या कानांची टोपी घालून बसायच्या आणि सगळ्यांच्या आधी हसायच्या. सातव्या खेळाआधी मी त्यांना बाजूला घेतलं.

"एक काम कराल का? या वेळी सगळं टिपून घ्या. माझं आणि तिचं, दोन्ही."

"तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना?"

"बदललंय थोडं. जे ऐकाल ते, जसं ऐकाल तसं. मनाचं काही घालू नका."

"मनाचं घालायला लागले तर माझी नोकरी जाईल," त्या म्हणाल्या आणि पर्समधून वही काढली.

मी तो खेळ केला खरा, पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. मी बोलायचो तेव्हा तो चालायचा. मी गप्प बसायचो तेव्हाही तो चालायचा. पडद्याच्या उजेडात पेन्सिल पुढे सरकताना दिसायची, ओळ संपली की खाली यायची, आणि मला पंखा ऐकू यायचा. कधीतरी मध्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दोन दिवसांनी दुपारी त्या दवाखान्यात आल्या. नऊ पानं होती, नीट टाइप केलेली, कोर्टातल्यासारखी.

"आजवर मी प्रत्येक खेळाला हसले," त्या म्हणाल्या. "लिहिताना हसता येत नाही. त्यामुळे या वेळी पहिल्यांदा नीट ऐकलं." त्यांनी तपासणीच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं. "ही टेप नाहीये ना?"

"नाही."

"मग पुढच्या वेळी मी येणार नाही. रागावू नका."

मी म्हटलं, रागावण्यासारखं काही नाही. त्या गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली.

६

त्यातलं थोडं इथे उतरवतो. टायपिस्टबाईंनी कंसात हशासुद्धा नोंदवला होता.

अस्वल: गॅस बंद केलास का?

बगळी: ठोंब्या, तू आहेस का तिथे? (हशा)

अस्वल: मला वाटलंच. नेहमीचंच आहे तुझं. (मोठा हशा)

बगळी: मला फक्त तुझा आवाज येतो. बाकी काही येत नाही. दिसतही नाही.

अस्वल: मग चष्मा लाव. (मोठा हशा)

बगळी: मधे इतके दिवस कुठे असतोस? तू गप्प झालास की मी कुठे आहे तेच मला कळत नाही.

अस्वल: पिशवीत बघ. खालच्या कप्प्यात. (मोठा हशा)

बगळी: मी विचारते ते तुला ऐकू येतंय का? नुसतं हो म्हण.

अस्वल: ओरडू नकोस, मासे पळतील. (हशा, टाळ्या)

असं नऊ पानं. ती विचारत होती आणि मी तिला तीस वर्षांपूर्वी ठरवलेली उत्तरं देत होतो, वेळ चुकू न देता. लोक कशावर हसत होते ते मला कळलं. मीही प्रेक्षकांत असतो तर हसलो असतो. पाटीवरच्या वाक्याबद्दल काही सापडतंय का म्हणून मी पुन्हा पुन्हा पानं उलटली. त्याबद्दल एक शब्द नव्हता. माझा अपराध तिच्या ध्यानीमनीही नव्हता, तिला वेगळीच अडचण होती.

शेवटच्या पानावर तीन ओळी होत्या.

अस्वल: उतर बाई एकदाची. माझी सुटका कर.

बगळी: नको ना रे. इथे खाली काहीच नाहीये. बोलत राहा. काहीही बोल.

(हशा नाही.)

सात वेळा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सव्वापाच वाजता, मी तिला उतरवून घरी निघून आलो होतो. दवाखान्याच्या दारावर कुणीतरी टकटक करत होतं. मी उठलो नाही.

७

खेळ बंद करायचा विचार आला होता. पण बंद करून काय होणार होतं? मग तिला एवढाही आवाज आला नसता. मी रविवारपर्यंत थांबलोही नाही, घरी बसून रोज बोलून पाहिलं. पण ते पोचत होतं की नाही हे सांगायला हसणारं कुणी नव्हतं. काकू नेमक्या त्या महिन्यात मुलीकडे गेल्या होत्या, त्या खेळाच्या रविवारी रात्रीच परतणार होत्या.

आठव्या खेळाला हॉल खच्चून भरला होता. पेटीबंदने दुकानातली स्टुलंसुद्धा आत आणली होती. चित्रपट सुरू झाला, अस्वलाने वल्हं उचललं, आणि मी ठरलेलं वाक्य गाळलं.

"ताई, मी आहे," मी म्हटलं. "मला तुझं ऐकू येत नाही. पण मी इथे आहे."

हॉल असा हसला की माझा माइक हलला.

बगळीची चोच हलली. मी थांबलो. लोक पुन्हा हसले, मागचा एक माणूस टाळी वाजवून हसला.

"काय म्हणाली?" मी माइक सोडून लोकांना विचारलं. "कुणीतरी सांगा. खरंच मला ऐकू येत नाही."

माझ्या आयुष्यात मला एवढा मोठा हशा मिळाला नव्हता. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ पोट धरून पुढे वाकला. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, हात जोडले, म्हटलं, "सांगा हो." त्याने डोळे पुसत मला हातानेच खूण केली की पुरे, आता सहन होत नाही. मी परत जागेवर आलो. मला रडू येत होतं आणि तेसुद्धा सगळ्यांना बेहद्द आवडलं.

मग मी विचारणं सोडलं आणि नुसता बोलत राहिलो. पाटीचं बोललो, माफी मागितली, थांबलो, पुन्हा बोललो. उत्तर आलं असेल. मला नाही कळलं, पण त्यावर कुणी हसलं नाही. नाव काठाला लागली. मी ते वाक्य म्हटलं नाही. बगळी उतरली, चित्रपट संपला, पडदा पांढरा झाला, आणि मी बोलतच होतो. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग चुळबुळ केली, मग एकेक करून उठले. दारातून जाताना बरेच जण मागे वळून बघत होते, पण माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला असलेल्या ताईच्या रिकाम्या माइककडे.

"अहो, कुलूप लावायचंय," पेटीबंद शेवटी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुम्ही घरी जा आता. आणि त्यांनाही न्या. इथे ठेवू नका."

मी तिला घरी नेलं. म्हणजे रस्त्याने बोलत गेलो. डावीकडे वळतोय ताई, इथे दोन पायऱ्या आहेत, इथे नवीन दवाखाना झालाय, पूर्वी चपलांचं दुकान होतं. लोक बाजूला होत होते. घरात शिरलो, तिची खुर्ची ओढली आणि समोर बसलो. बोलण्यासारखं सगळं दोन तासांत संपलं. मग मी यंत्रांची माहितीपत्रकं वाचली. बॅटऱ्यांचे नंबर वाचले. तिच्या भूगोलाच्या वह्या काढून नद्या वाचल्या. दर वाक्यानंतर थांबत होतो, तिला बोलता यावं म्हणून. पाणी पीत होतो आणि बोलत होतो. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

८

दाराच्या बेलने जाग आली. बाहेर लख्ख ऊन होतं. मी खुर्चीतच होतो, वही छातीवर.

दारात शिंपीणकाकू उभ्या होत्या. रात्री काढलेली यंत्रं त्यांनी अजून कानांना लावली नव्हती. डोळे सुजलेले दिसत होते.

"तुमच्याकडे सिनेमातल्या त्या बाई राहायला आल्यात का?" त्या म्हणाल्या. "नाही म्हणजे, येऊ देत की, एकटे असता तुम्ही. पण त्या रात्रभर बोलत होत्या. मी यंत्र काढलं की मला घड्याळाची टिकटिकसुद्धा येत नाही. काल मात्र भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज. आधी बऱ्या बोलत होत्या, हसतही होत्या. मग पहाटेपासून एकच चाललं होतं."

काय, असं मी विचारलं. आवाज निघाला नाही. घसा खरवडल्यासारखा झाला आणि नुसती हवा बाहेर पडली. काकूंना त्याने काही फरक पडला नाही, त्यांनी ओठ वाचले.

"'थांबलास का रे?' एवढंच. 'थांबलास का?' शेवटी मी भिंतीजवळ जाऊन म्हटलं, अहो, झोप लागली असेल त्यांना. दोनदा म्हटलं, मोठ्याने. पण माझं त्यांना ऐकू गेलं नाही."

मी घसा खाकरला. गरम पाणी पिऊन आलो. कपाटाला टेकून, पोटापासून जोर लावून तिला हाक मारायचा प्रयत्न केला. पेशंटना मी नेहमी सांगतो की अशा घशाला चार दिवस विश्रांती लागते, जोर केला तर जास्त. मी जोर केला. कुजबुजसुद्धा आली नाही.

वळलो तर काकू उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या मागच्या खोलीकडे, खुर्चीच्या दिशेला मान कलती करून त्या ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू कसनुसा होत गेला. मी त्यांच्यासमोर उभा राहून ओठांनी पुन्हा विचारलं, काय म्हणतेय.

त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"अहो, तुम्ही बोला ना त्यांच्याशी काहीतरी," काकू म्हणाल्या. "त्या रडायला लागल्यात."